‘ताई, तुझं दुःख माझ्यावर लादू नकोस’

पत्र

मी ३९ वर्षांची आहे. लग्न ३१व्या वर्षी झालं, आम्ही चान्स घ्यायला सुरुवात केली ३६व्या वर्षी. दीड वर्ष काहीच झालं नाही. मग तपासण्या, मग आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाचे उपचार. आतापर्यंत चार वेळा. एकदा दिवस राहिले, पण नवव्या आठवड्यात गर्भ गेला. डॉक्टर म्हणतात, स्त्रीबीजांचा साठा वयाच्या मानाने फारच कमी आहे. आईची पाळीसुद्धा ४२व्या वर्षीच गेली होती, पण तेव्हा ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

माझी धाकटी बहीण ३० वर्षांची, तिचा नवरा ३४ चा. त्यांना दोन मुलं हवीत, पण ‘३६ नंतर बघू’ असं ठरलंय. तो म्हणतो, आता विज्ञान एवढं पुढे गेलंय की पंचेचाळिशीतही मुलं होतात. गेल्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला हेच बोलणं निघालं आणि माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हणाले, “तिशीनंतर सगळं संपत जातं. आत्ताच्या आत्ता एएमएचची रक्ततपासणी करून घे, बीजं गोठवून ठेव, नाहीतर माझ्यासारखी रडत बसशील.” ती आवाजही न चढवता म्हणाली, “ताई, तुझं दुःख माझ्यावर लादू नकोस.” तेव्हापासून बोलणं बंद आहे.

मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मग तिला सांगणं माझं काम नाही का? की गप्प बसू?

– एक ताई

उत्तर

प्रिय ताई,

दीड वर्षाची वाट, चार वेळा इंजेक्शनं आणि स्कॅन, दर वेळी रिपोर्टच्या फोनकडे लागलेले कान, आणि मधे ते नऊ आठवडे. हे सगळं तुम्ही चार ओळींत उरकलंत आणि लगेच बहिणीकडे वळलात. मला मात्र आधी तिथेच थांबायचंय. तुमचं बाळ गेलं. ते नऊच आठवड्यांचं होतं म्हणून ते दुःख लहान होत नाही. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमचा प्रश्न. गप्प बसू नका. पण वाढदिवसाला जे बोललात ते पुन्हा बोलू नका. तुमच्याजवळ बहिणीला सांगण्यासारखी एक खरोखर महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती त्या रात्रीच्या बोलण्यात नव्हतीच. ती तुमच्या पत्रात आहे, ‘पण’ लावून बाजूला सारलेली: आईची पाळी ४२व्या वर्षी गेली.

बहुतेक स्त्रियांची पाळी ४५ ते ५५ या वयात थांबते. ४५ च्या आत थांबली तर डॉक्टर त्याला लवकर आलेली रजोनिवृत्ती म्हणतात, ४० च्या आत थांबली तर अकाली. पाळी कोणत्या वयात जाणार यावर घराण्याचा बराच प्रभाव असतो. ज्यांच्या आईची किंवा बहिणीची पाळी लवकर गेली, त्यांचीही लवकर जाण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. आणि पाळी चालू आहे म्हणजे मूल होऊ शकतं, असं नसतं. पाळी थांबण्याच्या साधारण दहा वर्षं आधीच आपोआप दिवस राहण्याची क्षमता संपत आलेली असते, असं या विषयातले अभ्यासक मानतात. ज्या बाईची पाळी एक्कावन्नाव्या वर्षी जाणार आहे तिला एकेचाळिशीपर्यंतचा काळ मिळतो. जिची बेचाळिसाव्या वर्षी जाणार आहे, तिचा हिशोब तुम्हीच करा.

तुमच्या बहिणीचंही आईसारखंच होईल असं मी म्हणत नाही. कदाचित ती वडिलांच्या घराण्यावर गेली असेल. पण आईची पाळी लवकर गेली आणि सख्ख्या बहिणीचा साठा एकोणचाळिशीत फारच कमी आहे, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर कुठलाही जाणकार डॉक्टर तुमच्या बहिणीला ‘अजून वेळ आहे, निवांत राहा’ असं सांगणार नाही. काही घरांत यामागे जनुकीय कारणही सापडतं आणि त्याची तपासणी करता येते. ही माहिती जितकी तुमची तितकीच तिचीही आहे. ती तिच्यापर्यंत पोचवणं म्हणजे दुःख लादणं नव्हे. घरात कुणाला मधुमेह निघाला तर आपण भावंडांना कळवतोच, तसंच हे.

इथे मी तुमच्या एका वाक्याशी थोडी भांडणार आहे. ‘मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.’ खरंच कुणी काही बोललं नव्हतं? एकतिसाव्या वर्षी लग्न झाल्यावर पुढची पाच वर्षं तुमच्या कानावर काहीच आलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. ‘मग, गुड न्यूज कधी?’, ‘फार लांबवू नका’, ‘वेळच्या वेळी झालेलं बरं’ हे तुम्ही शंभरदा ऐकलं असणार. आणि ज्या तोंडांनी ते म्हटलं, त्याच तोंडांनी तुमचे कपडे, तुमची नोकरी, घरी परतायची वेळ यांवरही मतं दिली असणार. तुम्ही ते सगळं एकाच टोपलीत टाकलंत. त्यात तुमची चूक नाही, मीही टाकलं असतं. पण त्या टोपलीत टोमण्यांच्या बरोबरीने एक खरी गोष्टही गेली.

सदरासाठी येणारी पत्रं वाचून मला हेच पुन्हापुन्हा दिसतं. आपल्या मुलींना घाई भरपूर मिळते, माहिती मिळत नाही. घाई करणाऱ्याला कधीच आकडा सांगता येत नाही. तो फक्त ‘उशीर होतोय’ म्हणतो. कशाला उशीर, किती उशीर, कुणाच्या बाबतीत, हे त्यालाही माहीत नसतं. मग शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी ‘उशीर’ हा शब्द कानावर पडला की कान बंद करते. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात ७९ देशांतल्या दहा हजारांवर लोकांना प्रजननक्षमतेबद्दल तेरा साधे प्रश्न विचारले होते. ही मंडळी मूल व्हावं म्हणून प्रयत्न करत होती, म्हणजे ज्यांना गरज होती तीच. तरी सरासरी गुण शंभरात सत्तावन्न.

त्या रात्री तुमच्या बहिणीने तुमच्या तोंडून माहिती ऐकली नाही. तिने घाई ऐकली. ज्या आवाजापासून तुम्ही स्वतः पाच वर्षं पळालात, तोच आवाज तिला तुमच्या गळ्यातून आला, आणि तोही चारचौघांत. म्हणून तिने जे वाक्य फेकलं ते कठोर असलं तरी मला निम्मं बरोबर वाटतं. तुम्ही दुःख आणि माहिती एकाच वाटीत कालवून तिच्यापुढे ठेवलीत. आता ती वेगळी करायची.

माहितीपुरतं बोलायचं तर ‘तिशीनंतर सगळं संपत जातं’ हे खरं नाही. तिने इंटरनेटवर दोन मिनिटं शोधलं तरी ते खोटं ठरेल, आणि मग तुमचं खरं बोलणंही ती मानणार नाही. म्हणून आधी तुम्ही नीट समजून घ्या.

मुलीची सगळी बीजं ती जन्माला येण्याआधीच तयार झालेली असतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख, वयात येईपर्यंत तीन-चार लाख, ३७व्या वर्षाच्या आसपास पंचवीस हजारांच्या घरात. आयुष्यभरात त्यातली जेमतेम चार-पाचशे पिकून बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरून जातात. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्याने हा साठा संपत नाही, आणि वाचतही नाही. चांगलं खाऊन, व्यायाम करूनही तो थांबवता येत नाही. सिगारेटने मात्र तो लवकर संपतो, पाळी एखाद-दोन वर्षं आधी जाते.

पण खरी अडचण संख्येपेक्षा बीजांच्या वयाची असते. ही बीजं विभाजनाच्या मधल्याच एका टप्प्यावर थांबून राहिलेली असतात, कुणी वीस वर्षं, कुणी चाळीस. जितकं जास्त थांबावं लागतं तितकं पुढचं विभाजन चुकण्याची शक्यता वाढते. गुणसूत्रं कमी-जास्त होतात. मग दिवसच राहत नाहीत, किंवा राहिले तरी टिकत नाहीत. नॉर्वेतल्या नोंदींवरून २०१९ साली झालेल्या अभ्यासात पंचविशी ते तिशीच्या दरम्यान दहातला एक गर्भ पडत होता, पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून जास्त. तुमचा गर्भ का गेला हे मी सांगू शकत नाही. पण सुरुवातीच्या आठवड्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत कारण हेच असतं. तुम्ही काही उचललंत, कुठे प्रवास केलात, ऑफिसात ताण घेतलात, यातल्या कशाने ते झालेलं नसतं.

हा उतार आहे, कडा नाही. पस्तिसाव्या वाढदिवसाच्या सकाळी काही बंद पडत नाही. फ्रान्समधले लोकसंख्याशास्त्रज्ञ आँरी लेरिदों यांनी २००४ साली एक गणिती प्रारूप मांडलं. त्यात तिसाव्या वर्षी प्रयत्न सुरू करणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी ९१ जणींना चार वर्षांच्या आत अशी गर्भधारणा होते की जिच्यातून मूल जन्माला येतं, आणि तीही कुठल्याही उपचारांशिवाय. पस्तिसाव्या वर्षी सुरू केलं तर ८४. चाळिसाव्या वर्षी ६४. हे आकडे दोनदा वाचा. तुम्ही छत्तिसाव्या वर्षी सुरुवात केलीत. त्या वयात सुरुवात करणाऱ्या बहुतेक जणींना मूल होतं. तुमचा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. आणि तिसाव्या वर्षी सुरू केलेल्या शंभरातही नऊ जणी राहतातच. ‘तेव्हा कुणी सांगितलं असतं तर’ हे वाक्य तुम्ही रात्री किती वेळा मनात घोळवता याचा मला अंदाज आहे. तेव्हा शक्यता वाढली असती, हे खरं. पण तेव्हा नक्की झालंच असतं, हे कुणालाही म्हणता येणार नाही, तुम्हालाही नाही.

आता तुमच्या मेहुण्याच्या विज्ञानाबद्दल. १९७८ साली पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं, त्यानंतर या शास्त्राने खरोखर मोठी मजल मारली. लाखो घरांत त्यामुळे मूल आलं. पण आयव्हीएफमध्ये बीज तुमचंच वापरलं जातं, आणि बीजाचं वय डॉक्टरला कमी करता येत नाही. लेरिदों यांच्याच हिशोबात, तिशीऐवजी पस्तिशीत सुरुवात केल्याने जितकी बाळंतपणं हुकतात, त्यांतली निम्मीच आयव्हीएफ भरून काढतं. पस्तिशीऐवजी चाळिशीत सुरुवात केली तर तीस टक्केच. ब्रिटनमध्ये प्रत्येक उपचाराची सरकारी नोंद ठेवली जाते. २०१९ च्या नोंदींत, स्वतःच्या बीजापासून तयार झालेला एक गर्भ गर्भाशयात सोडल्यावर मूल जन्माला येण्याचं प्रमाण पस्तिशीच्या आतल्यांत ३२ टक्के होतं, आणि ४० ते ४२ वयात ११. त्यापुढे ते आणखी घसरत जातं. पंचेचाळिशीत आई झालेल्यांच्या बातम्या खऱ्याच असतात. पण त्यांतल्या कितींनी तरुण दात्रीचं बीज घेतलं हे बातमीत नसतं, आणि ते सांगायला त्या बांधीलही नाहीत. दात्रीचं बीज घेतलं की यश दात्रीच्या वयानुसार मिळतं. म्हातारं होतं ते मुख्यतः बीज, गर्भाशय नव्हे, हे त्यावरूनच कळतं.

आणि हो, मेहुण्याचं स्वतःचं वय. बहीण छत्तीस वर्षांची होईल तेव्हा तो चाळिशीचा असेल. पुरुषात शुक्राणू सतत नवे तयार होत राहतात, पूर्ण तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून पुरुषाला वयाचा काच नाही असा समज आहे. तो खरा नाही. चाळिशीकडे झुकताना दिवस राहायला जास्त काळ लागू लागतो. शिवाय आइसलँडमधल्या कुटुंबांवर २०१२ साली झालेल्या अभ्यासात असं दिसलं की वडिलांचं वय एका वर्षाने वाढलं की मुलात सरासरी दोन नवी उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकीय बदल, वाढतात. त्यातली बहुतेक निरुपद्रवी असतात, पण शून्य फरक पडतो असं नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही कारण असतं, आणि वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी तपासणी. तरी वर्षानुवर्षं बाईचीच तपासणी चालू राहते. हे मला दर वेळी चीड आणतं. म्हणून तुमचं पुढचं बोलणं फक्त बहिणीशी होऊ नये. तिचा नवराही तिथे हवा, आणि ऐकणारा म्हणून नव्हे, ज्याचा हा प्रश्न आहे असा माणूस म्हणून.

त्या रात्री तुम्ही दोन उपायही सांगितलेत, एएमएच आणि बीजं गोठवणं. दोन्हींबद्दल थोडं जपून बोलायला हवं. एएमएच ही रक्ततपासणी साठा किती उरलाय याचा अंदाज देते, बीजं कशी आहेत हे सांगत नाही. अमेरिकेत तीस ते चव्वेचाळीस वयाच्या, आधी वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या स्त्रियांवर २०१७ साली एक अभ्यास झाला. त्यात एएमएच कमी असलेल्यांना आपोआप दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. म्हणून सरसकट प्रत्येक तरुणीने ही तपासणी करावी आणि आकडा कमी आला म्हणून घाबरावं, किंवा चांगला आला म्हणून दहा वर्षं निर्धास्त राहावं, हे दोन्ही चूक. तुमच्या बहिणीची गोष्ट वेगळी आहे, ती आईच्या बेचाळीसमुळे. तिच्या बाबतीत डॉक्टर एएमएच आणि सोनोग्राफी या दोन्हींकडे घरच्या इतिहासासोबत बघतील, तेव्हा त्या आकड्याला अर्थ येईल. घरी बसून लॅबचा रिपोर्ट वाचण्यात अर्थ नाही.

बीजं गोठवणं ही खात्री नाही, शक्यता आहे. एका अमेरिकी गणितानुसार निदान एक मूल होण्याची पंचाहत्तर टक्के शक्यता हवी असेल, तर चौतिसाव्या वर्षी दहा बीजं गोठवावी लागतात, सदतिसाव्या वर्षी वीस, आणि बेचाळिसाव्या वर्षी एकसष्ट. एका वेळच्या प्रक्रियेत इतकी मिळतीलच असं नाही, विशेषतः साठा कमी असेल तर. शिवाय जोडीदार सोबत असेल आणि दोघांनाही मूल हवंच असेल, तर ‘गोठवू की आत्ताच चान्स घेऊ’ हाही एक सरळ प्रश्न उरतो. तो त्यांचा त्यांनी सोडवायचा. त्यावर तुमचं मत असेलच. ते तुमच्याजवळ ठेवा.

मग तिच्यापुढे काय ठेवायचं? मला विचाराल तर एकच प्रश्न: ‘तुम्हाला किती मुलं हवीत?’ सगळं जग ‘कधी’ विचारतं. ‘कधी’ विचारलं की माणूस आजपासून पुढे मोजतो. ही नोकरी, मग ते घर, मग बढती, मग बघू. ‘किती’ विचारलं की उलटं मोजावं लागतं. २०१५ साली नेदरलँड्स आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी संगणकावर नेमका हाच उलटा हिशोब केला, आणि मला तो या विषयातला सगळ्यात उपयोगी हिशोब वाटतो. दोन मुलं हवीत, आयव्हीएफ करायचं नाही, आणि नव्वद टक्के खात्री हवी, तर बाईने सत्ताविसाव्या वर्षी सुरुवात करावी. पंचाहत्तर टक्क्यांवर समाधान असेल तर चौतिसाव्या. पन्नास टक्के चालत असतील तर अडतिसाव्या. एकच मूल हवं असेल तर नव्वद टक्क्यांसाठी बत्तीस. आयव्हीएफची तयारी धरली तर नव्वद टक्क्यांचं वय एका मुलासाठी पस्तीस, दोनांसाठी एकतीस.

या हिशोबातलं मला आवडतं ते हे की तो कुणाला अमुक वयाला मूल होऊ द्या असं सांगत नाही. तो विचारतो, तुला किती खात्री हवी आहे? कुणाला दोन मुलं हवीतच असतात, त्याशिवाय आयुष्य अपुरं वाटतं. कुणाला ‘झालं तर छान, नाही झालं तर आम्ही दोघं आहोतच’ असं मनापासून वाटतं. दोघींचं वय एकच असलं तरी उत्तर वेगळं येणार, आणि दोन्ही बरोबर. छत्तिसाव्या वर्षी सुरू करून दोन मुलं, म्हणजे पंचाहत्तर आणि पन्नासच्या मधे कुठेतरी. हे कळल्यावरही तुमची बहीण आणि मेहुणा म्हणाले की चालेल, आम्हाला आत्ता जे उभं करायचंय ते जास्त महत्त्वाचं आहे, तर तो समजून घेतलेला निर्णय झाला. त्याला मान द्या. फक्त हे आकडे सरासरी बायकांचे आहेत, ज्यांच्या घरात पाळी लवकर जाते त्यांचे नाहीत, हे तिला कळायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना मला जड जातंय. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून डॉक्टरकडे जावं, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच, चाळिशीनंतर लगेच, असा सर्वसाधारण दंडक आहे. तुम्ही छत्तिसाव्या वर्षी सुरुवात करून दीड वर्ष वाट पाहिलीत. सगळेच पाहतात, ‘होईल की’ म्हणत. याने तुम्हाला टोचेल हे माहीत असूनही लिहिते, कारण तुमच्या बहिणीला हा नियम ठाऊक असेल तर तिचं ते वर्ष वाचेल. बाकी लहानसहान गोष्टी, म्हणजे रुबेलाची लस राहिली असेल तर आधी घेणं, निदान महिनाभर आधीपासून फॉलिक ॲसिड, थायरॉइड बघणं, हे तिची डॉक्टर सांगेलच. ते तुमच्या तोंडून नको.

बोलणं सुरू कसं करायचं? आधी माफी, आणि माफीला काही चिकटवू नका. ‘माझं चुकलं, पण तुझ्या भल्यासाठीच’ ही माफी नसते. फोनपेक्षा लिहून पाठवा, म्हणजे तिला लगेच उत्तर देण्याचं ओझं नाही. मी असं काही लिहीन:

‘वाढदिवसाला मी सगळ्यांसमोर तुला बोलले, ते चुकलं. तुझ्या आयुष्याबद्दल मी असं बोलायला नको होतं. तू म्हणालीस ते मला लागलं, पण त्यात खरं होतं. माझं दुःख माझं आहे, ते मी तुझ्याकडे देणार नाही.’

एवढंच. दोन-चार दिवस जाऊ द्या. उत्तर आलं नाही तरी पुढचा निरोप पाठवाच, कारण तो निरोप रुसवा मिटण्यावर अवलंबून ठेवण्यासारखा नाही:

‘एक गोष्ट कळवायची आहे, ती सल्ला नाही. आईची पाळी ४२व्या वर्षी गेली होती. माझ्या डॉक्टरांनी माझा साठा वयाच्या मानाने फार कमी असल्याचं सांगितलंय. हे घराण्यातून येऊ शकतं, म्हणून तुला माहीत असावं. तुझ्या डॉक्टरला हे दोन्ही सांग. माझे रिपोर्ट हवे असतील तर पाठवते. तू काय ठरवतेस ते मी विचारणार नाही.’

शेवटचं वाक्य लिहिलंत तर पाळावं लागेल, ताई. तीन महिन्यांनी ‘मग, गेलीस का डॉक्टरकडे?’ नाही. कुणाकरवी चौकशी नाही. तिच्या घरी गेल्यावर औषधांच्या डब्याकडे नजर नाही. तुम्ही एकदा सांगितलंत आणि खरोखर थांबलात, तरच ती आपण होऊन तुमच्याकडे येईल. आली तर तिला तो उलटा हिशोब दाखवा.

पाठवण्याआधी आईला नक्की वय एकदा विचारून घ्या. बेचाळीस की पंचेचाळीस, याने फरक पडतो. पाळी आपोआप गेली की गर्भाशय काढल्यामुळे, हेही विचारा, कारण शस्त्रक्रियेने गेलेली पाळी या हिशोबात धरत नाहीत. मावशी आणि आजीचं माहीत असेल तर तेही. आईला हे विचारणं कदाचित अवघड जाईल. तिला वाटेल, माझ्यामुळे झालं का? तसं तिला वाटू देऊ नका.

आणि तुमच्या पाचव्या प्रयत्नाचं काय, करायचा की थांबायचं, की आणखी कुठला मार्ग, याबद्दल तुम्ही पत्रात काहीच विचारलेलं नाही. सगळं पत्र बहिणीबद्दल आहे. बहिणीची काळजी खरी आहेच, पण तिच्यामागे तुमचा स्वतःचा प्रश्न उभा आहे असं मला वाटत राहिलं. तुम्ही विचारल्याशिवाय मी त्यात पडणार नाही. जेव्हा लिहावंसं वाटेल तेव्हा लिहा, या वेळी फक्त स्वतःबद्दल.